तीन फुटी टँकमध्ये दोन जातींचे समुद्रघोडे एकत्र राहतील का?

तुम्ही विचारलंय की नागपुरात घरी खाऱ्या पाण्याचा तीन फुटी टँक तयार आहे. दुकानदार एक पिवळा, एक काळा घोडा ‘दोन जाती’ म्हणून देतोय, वर इंचभर लांबीचे ड्वार्फ (बुटक्या जातीचे घोडे) आणून देतो म्हणतोय. तर हे सगळे एकत्र राहतील का?

आणू नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समुद्रघोडे २००१ पासून आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. जवळ ठेवणं, विकत घेणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद. दुकानाच्या बिलाने सुटका होत नाही. समुद्रघोड्याच्याच कुळातला, सरळ काडीसारखा पाइपफिशही त्याच यादीत येतो.

आणि कायदा नसता तरी उत्तर नाहीच असतं. परदेशातले व्हिडिओ बघून हे सोपं वाटतं, म्हणून कारणं सांगतो.

मुळात रंगावरून जात कळत नाही. कुडा या जातीचा घोडा पिवळाही असतो, काळाही, आणि जागा बदलली की रंगही बदलतो. जात ओळखायची ती डोक्यावरचा तुरा, गालावरचे काटे आणि अंगावरची हाडांची कडी मोजून.

घोडे एकमेकांशी भांडत नाहीत, त्यामुळे एकत्र चालतील असं वाटतं. मारतो तो आजार. प्रत्येक ठिकाणच्या घोड्यांच्या अंगावर त्यांचे स्वतःचे जिवाणू असतात, विशेषतः व्हिब्रिओ. त्यांना ते सोसतात, दुसऱ्यांना नाही. दोन्ही गट ठणठणीत दिसतात. एकत्र केले की काही आठवड्यांत एकाच्या कातडीवर पांढरे चट्टे येतात, शेपटीचं टोक झडू लागतं. सहा-आठ आठवडे वेगळं ठेवूनही हे टळेलच असं नाही, कारण जंतू बाळगणाऱ्यात लक्षणच दिसत नाही. म्हणून जाणकार एकच जात, तीही एकाच हॅचरीतली (मत्स्यबीज केंद्रातली) ठेवतात.

खाण्याचंही जुळत नाही. मोठा घोडा शेपटीने काडीला विळखा घालून बसतो, एकेक डोळा वेगळा फिरवत मायसिस (बारीक कोळंबीसारखे जीव) न्याहाळतो, मग ‘टक्’ करून ओढून घेतो. त्याला जठर नसतं, म्हणून दिवसातून दोन-तीनदा खायला लागतं. ड्वार्फला अंड्यातून नुकतीच बाहेर पडलेली आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म कोळंबीची) पिल्लं लागतात, तीही तोंडासमोर दाट. तुमच्या टँकमध्ये ती विखरून जातील आणि ड्वार्फ उपाशी मरेल. तापमानही जुळत नाही. ऑस्ट्रेलियाचा बिग-बेली हा मोठा घोडा तर १६-२० अंशांतला. उष्ण पाण्यातल्या जातींनाही २२-२४ अंश बरे. २६ च्या वर व्हिब्रिओ झपाट्याने वाढतो. आपल्याकडे मे महिन्यात चिलरशिवाय (पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय) हे अशक्य आहे.

टँक मात्र वाया जाऊ देऊ नका. भारतातच हॅचरीत वाढवलेली क्लाउनफिशची जोडी घ्या, पाणी २५-२७ अंश. प्रवाळ आणि त्याचे तुकडे नकोत, तेही पहिल्या अनुसूचीत. सिरॅमिकचे दगड घाला. खाऱ्या टँकसाठी मिळणारं मीठ (स्वयंपाकाचं नव्हे) लिटरला साधारण ३५ ग्रॅम, आरओच्या पाण्यात. कोरड्या उन्हाळ्यात पृष्ठभागावरून पंखा सोडला तर पाणी दोन-तीन अंश उतरतं, पण त्याच खोलीत कूलर चालू असेल तर हवा दमट होऊन पंख्याचा उपयोग होत नाही. टँक कूलरपासून लांबच्या खोलीत ठेवा, आणि उडालेलं पाणी रोज साध्या आरओने भरा. मीठ उडत नाही. खारं पाणी भरलंत तर खारटपणा वाढत जाईल.