कोकणातून केनियाला बायोगॅस संच पाठवायचे आहेत. सरकारी हमीचं कर्ज कसं मिळतं?

प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरीजवळ फायबरचे बायोगॅस संच बनवणारं युनिट, केनियातून पहिली ऑर्डर, ६०,००० डॉलरची. ३० टक्के आगाऊ, ६० टक्के ९० दिवसांच्या डीएवर (खरेदीदार ९० दिवसांनी पैसे देण्याची हुंडी स्वीकारतो, की त्याला मालाचे कागद मिळतात), १० टक्के संच चालू झाल्यावर. विचारलंय की हरित मालाला सरकारकडून स्वस्त कर्ज मिळतं का. आणि शेवटी एक ओळ: 'ईसीजीसी तर बँक कापतेच, मग वेगळं काही करावं लागतं का?'

ईसीजीसी म्हणजे निर्यातीच्या उधारीचा विमा उतरवणारी सरकारी कंपनी, आणि बँक कापते तो तिचा हप्ता. त्या शेवटच्या ओळीसाठी लिहायला बसलोय. आधी व्याजाचं उरकतो.

निर्यात कर्जाच्या व्याजात सूट देणारी जुनी व्याज समानीकरण योजना ३१ डिसेंबर २०२४ ला संपली. '३ टक्के सूट' सांगणारे व्हिडिओ अजून फिरतायत, ते त्याआधीचे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात निर्यात प्रोत्साहन मिशन जाहीर झालं. त्यातलं तुम्हाला काय लागू आहे ते डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) सूचनांत स्वतः बघा, आणि बघताना एचएस कोड, म्हणजे मालाचा सीमाशुल्क वर्गीकरणाचा क्रमांक, हाताशी ठेवा. 'आमचं ग्रीन आहे हो' असं शाखेत सांगून काही होत नाही, कोड बोलतो. पाणी शुद्ध करण्याची यंत्रं ८४२१.२१ मध्ये येतात, सौर बंब ८४१९.१२ मध्ये, पण ३०० लिटरच्या वरची नुसती प्लास्टिकची टाकी म्हणून बिल फाडलंत तर ती ३९२५.१० मध्ये जाते. पूर्ण संच जातोय की रिकाम्या टाक्या, हे इनव्हॉइसवर नीट लिहा आणि सीएचएला (कस्टम्सच्या एजंटला) आधी विचारा.

आता ईसीजीसी. ही १९५७ पासूनची सरकारी कंपनी दोन वेगळ्या गिऱ्हाइकांना विमा विकते. एक गिऱ्हाईक म्हणजे बँक. बँकेनं तुम्हाला दिलेलं पॅकिंग क्रेडिट (माल बनवून पाठवण्यासाठीचं कर्ज) बुडालं तर बँकेची भरपाई. त्याचा हप्ता बहुतेक शाखा तुमच्याच खात्यातून कापतात, स्टेटमेंटवर 'ईसीजीसी प्रीमियम' अशी ओळ दिसते आणि मालक निर्धास्त होतो. पण त्या विम्यातून तुमचं कर्ज फिटत नाही. बँकेला भरपाई मिळाली तरी वसुली तुमच्याकडूनच होणार, आणि तुमचं नाव ईसीजीसीच्या विशेष मंजुरी यादीत (थकबाकीदारांच्या यादीत) गेलं की पुढचं निर्यात कर्ज दुसऱ्या बँकेतसुद्धा तिला विचारल्याशिवाय हलत नाही. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही. खरेदीदारानं पैसे दिले नाहीत, दिवाळं काढलं, किंवा त्याच्या देशानं परकीय चलन अडवलं तर नुकसान भरून देणारी पॉलिसी तुमच्या नावानं वेगळी काढावी लागते. साधारण ९० टक्के भरपाई, लहान निर्यातदारांच्या पॉलिसीत त्याहून जास्त. ती बँक काढत नाही. काढायची आठवणही करत नाही.

मिरजोळे एमआयडीसीतल्या एका युनिटचे कागद माझ्या टेबलावरून गेले होते. तुमच्यासारखाच माल, तुमच्यासारख्याच अटी. स्वतःच्या पॉलिसीचा विषय काढला तर त्यांचे सीए म्हणाले, "एकाच गोष्टीचा दोनदा हप्ता कशाला? डबल खर्च आहे तो." मालकांना ते पटलं.

खरेदीदार किसुमूचा, व्हिक्टोरिया सरोवराकाठी मासळी प्रक्रिया करणारा. त्यानं ९० दिवसांची हुंडी स्वीकारली, कागद घेतले, मोंबासाहून माल सोडवला, आणि मुदत भरायच्या आठवड्यात मेल पाठवला की गॅस पेटत नाही, संच सदोष आहेत, पैसे देणार नाही. टाक्यांत दोष नव्हता. त्यानं पहिल्या दिवसापासून नुसती मासळीची घाण आत घातली होती. मासळीत नत्र जास्त आणि कार्बन कमी, त्यामुळे अमोनिया साचतो आणि मिथेन बनवणारे जिवाणू मरगळतात. आधी शेण आणि पाणी निम्मं निम्मं करून टाकी भरायची, काही आठवडे तसंच मुरू द्यायचं. सुरुवातीचा गॅस बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो, तो पेटत नाही, सोडून द्यायचा. निळी ज्योत धरली की मग मासळीचा माल थोडा थोडा, शेणात किंवा भाजीपाल्यात मिसळून. आपल्याकडे घराघरात हे माहीत असतं म्हणून कोणी लिहून दिलं नाही. शिवाय किसुमू समुद्रसपाटीपासून ११०० मीटरवर, रात्री रत्नागिरीपेक्षा बऱ्याच गार. रत्नागिरीच्या उष्म्यावर काढलेला गॅसचा आकडा तिथे निघत नाही, आणि माहितीपत्रकात तोच आकडा छापलेला होता.

ऑर्डरमध्ये एक वाक्य होतं: 'संच समाधानकारक चालल्यावर रक्कम देय'. ते फक्त शेवटच्या १० टक्क्यांसाठी लिहिलंय असं मालक समजत होते. इंग्रजी वाचलं तर ते सगळ्या रकमेला लागू होतं. घोळ तिथेच झाला.

तुम्ही हे असं करा. पुरवठा आणि उभारणी यांचे दोन वेगळे करार. पुरवठ्यातल्या उधारीच्या ६० टक्क्यांची मुदत बिल ऑफ लेडिंगच्या (जहाजावर माल चढल्याच्या पावतीच्या) तारखेपासून मोजायची, 'समाधान' हा शब्द त्या करारात नको. त्याऐवजी कारखान्यातच तिसऱ्या पक्षाची तपासणी: टाकी पाण्यानं काठोकाठ भरून २४ तास ठेवायची, गळती नाही असा दाखला घ्यायचा, त्याचा नंबर इनव्हॉइसवर टाकायचा. माल सुरू करायचा कागद दोन पानी, चित्रांसह, आणि खरेदीदाराची त्यावर सही. केनियाच्या पीव्हीओसी (निर्यातीपूर्वीची तपासणी) पद्धतीत माल निघण्याआधी अनुरूपतेचा दाखला लागतो, तोही याच तपासणीबरोबर उरका. राखून ठेवलेले १० टक्के पैसे मिळाले तर मिळाले असं समजून भाव लावा, लहान मुदतीच्या पॉलिसीत ते धरू नका.

पॉलिसी काढली म्हणजे झालं असंही नाही. खरेदीदारावर ईसीजीसीकडून पतमर्यादा (त्याच्या किती उधारीला विमा लागू) माल निघायच्या आधी मंजूर करून घ्यायची, नंतर नाही. दर महिन्याचं शिपमेंट पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत कळवायचं. मुदत उलटून ३० दिवस गेले आणि पैसे आले नाहीत तर ते दडवून ठेवायचं नाही. 'आपला माणूस आहे, देईल' म्हणून गप्प बसलेल्यांचे दावे फेटाळले जातात. मग रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं तरी क्लेम उघडत नाही. मुदत वाढवून द्यायची असेल तर आधी ईसीजीसीला विचारायचं.

कर्जाचा हिशेब करून दाखवतो, कारण ६०,००० डॉलरच्या ऑर्डरवर ५० लाख मिळतील असं तुम्ही धरलेलं दिसतंय. ६०,००० हा सीआयएफ भाव, म्हणजे जहाजभाडं आणि विमा धरून. भाडं आणि विमा ६,००० धरा, एफओबी (भाडं-विम्याशिवायचा भाव) ५४,०००. आगाऊ आलेले १८,००० वजा, उरले ३६,०००. राखीव ६,००० वजा, ३०,०००. बँकेचं मार्जिन (तुम्ही स्वतः घालायचा हिस्सा) २० टक्के धरलं तर २४,०००. डॉलर ८५ रुपयांनी धरला तर २० लाख ४० हजार. राळ, काचतंतू, मजुरी एवढ्यात बसवायची. बँक तारण मागेलच, ईसीजीसी असलं तरी मागते. तिथे तारणाऐवजी बँकेला हमी देणाऱ्या सीजीटीएमएसई या सरकारी न्यासाची हमी मागा, ती निराळी गोष्ट आहे आणि लघुउद्योगासाठीच आहे. आगाऊ रकमेसाठी खरेदीदारानं बँक हमी मागितली तर तिचं मार्जिनही यातूनच जाणार.

भाडं वाचवायचं तर टाक्या दोन अर्ध्यांत करा, फ्लँज जोडून, म्हणजे पेल्यांसारख्या एकात एक बसतात. अख्ख्या टाक्या पाठवणं म्हणजे डॉलर देऊन हवा पाठवणं. हायक्यूब कंटेनरचं दार साधारण २.३४ मीटर रुंद असतं, व्यास २.२० च्या आत ठेवा. लाकडी चौकटींवर आयएसपीएम-१५ चा, म्हणजे लाकूड कीडमुक्त केल्याचा, शिक्का हवा.

एलसी (खरेदीदाराच्या बँकेची पैसे देण्याची हमी) मिळत असेल तर डीएपेक्षा केव्हाही बरी, पण शेवटची शिपमेंट तारीख गणपतीत येऊ देऊ नका. कारागीर गावात आरतीला, आणि मुंबई-गोवा महामार्गावर गर्दी आणि अवजड गाड्यांवर निर्बंध. कंटेनर न्हावाशेव्याला वेळेत पोचेल याची खात्री नाही. तारीख चुकली की कागदांत तफावत, आणि तफावत आली की एलसीची खात्री संपते, पैसे खरेदीदाराच्या मर्जीवर. एलसीत वेगळं काही लिहिलेलं नसेल तर शिपमेंटनंतर २१ दिवसांत कागद बँकेत पडले पाहिजेत.

एक्झिम बँकेबद्दलही (निर्यात-आयातीला कर्ज देणारी सरकारी बँक) विचारलंय. तिची ऋणव्यवस्था (लाइन ऑफ क्रेडिट) मुख्यतः परदेशी सरकारांना जाते, सहसा किमान ७५ टक्के माल-सेवा भारतातली लागते, आणि कंत्राटं मोठ्यांना मिळतात. तुम्ही अशा कंत्राटदाराला टाक्या पुरवल्यात तर तुमचा खरेदीदार भारतीय ठरतो, आणि वरची निर्यात पॉलिसी तिथे चालत नाही. ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेच्या निर्यात कर्जाच्या करारात अक्षय ऊर्जेला २०२३ पासून २२ वर्षांपर्यंत परतफेड मिळते हे खरं, पण भारत त्या करारात नाही, आणि एका कंटेनरला २२ वर्षांची मुदत कोण देतो?

आता सीए वाचत असतील तर म्हणतील, मिरजोळेच्या त्या व्यवहारात पॉलिसी असती तरी भरपाई मिळाली नसती, मालाच्या दर्जाचा वाद ईसीजीसी धरत नाही. बरोबर आहे, निर्यातदारानं खरेदीदाराच्या देशातल्या कोर्टातून निकाल मिळवला तरच धरतात. पण पतमर्यादेचा अर्ज केला असता तर खरेदीदाराची चौकशी झाली असती, आणि ऑर्डरचा कागद आणखी एका माणसानं वाचला असता. 'डबल खर्च' म्हणणाऱ्यानं तो कागदसुद्धा वाचला नव्हता.

तुमच्या खरेदीदारानं १०० टक्के आगाऊ द्यायची तयारी दाखवली, तर मात्र त्या ऑर्डरला पॉलिसी काढू नका. तेवढ्यापुरते सीए बरोबर होते.