पॅनिक अटॅकमध्ये धडधड होते, हाताला मुंग्या येतात, श्वास अडकतो. ईसीजी नॉर्मल आहे, घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत. काय करावं?

धडधडीचं नंतर सांगतो, आधी ते "मनाचे खेळ" बघू. कारण हेच वाक्य आमच्या दाजींनी मला इतक्यांदा ऐकवलंय की प्रश्न वाचूनच डोकं फिरलं.

मी लातूरच्या मोंढ्यात एका अडत दुकानावर हिशेबाला आहे. सोयाबीनचा सीझन, दिवाळी तोंडावर, सौदा संपून पट्ट्या करायची घाई, समोर शेतकऱ्यांची रांग. एकाची पट्टी लिहिता लिहिता ओठाच्या भोवती मुंग्या आल्या, मग बोटांत, आणि पेन पडला. उचलायला गेलो तर हात ऐकंना. मनगट आत वळलेलं, चारी बोटं ताठ होऊन एकमेकाला चिकटलेली, अंगठा तळव्यात घुसलेला, दुसऱ्या हाताने सोडवायला बघतोय तर तोही तसाच व्हायलाय. छाती आवळून आली, वाटलं संपलं आता. हमालांनी फिट आली म्हणून चप्पल नाकाला लावली, एकजण कांदा फोडायला पळाला, कुणीतरी हातात चाव्यांचा जुडगा कोंबला, आणि सगळे मिळून ओरडायलेत, "मोठा श्वास घे, मोठा श्वास घे!" मी घेतला, तसं जास्तच झालं. शेवटी गाडीवर दोघांच्या मधी बसवून दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला, गॅसचं इंजेक्शन दिलं, "सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका" म्हणून घरी पाठवलं. बाहेर दाजी उभे. म्हणाले, "बघ, काही नाही. आमच्या टायमाला असली थेरं नव्हती."

आता ती बोटं काय मी मनाने वाकवली होती का? भीतीने अ‍ॅड्रेनलिन वाढतं, त्याने धडधड आणि थंडगार घाम. श्वास भराभर चालतो आणि शरीरातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. तो कमी झाला की रक्तातलं मोकळं कॅल्शियम उतरतं, म्हणून मुंग्या आणि वळलेले हात. मेंदूकडं रक्त नेणाऱ्या नसा आकसतात, म्हणून गरगरतं, समोरचं सगळं खोटं वाटतं. म्हणजे सुरुवात भीतीची असेल, पण होतंय ते अंगात. माझी माय औसा तालुक्यातली. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हापासून रात्री मांडणीवरचं भांडं जरी वाजलं तरी ती आधी अंगणात येते, मग विचार करते. तिला कुणी सोंग म्हणत नाही.

तर मोठा श्वास घ्यायचाच नाही. हवा कमी पडतीय असं वाटतं, पण खरं तर ती जास्त व्हायलीय. नाकाने हळू आणि थोडाच घ्या, मग गरम चहावर फुंकर मारतो तसे ओठ करून घेतला त्याच्या दुप्पट वेळ सोडत राहा. पाठ टेकून बसा, पाय जमिनीला लागू द्या. कागदाच्या पिशवीत श्वास घ्या म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, खरंच हृदयाचं किंवा दम्याचं असलं तर ते अंगाशी येतं. साधारण दहा मिनिटांत ते टोकाला जातं आणि मग उतरतंच, तुम्ही काही केलं नाही तरी. चक्कर येऊन पडण्याची भीती सगळ्यांना असते, पण अटॅकमध्ये बहुतेक वेळा बीपी वर गेलेलं असतं, त्यामुळं माणूस सहसा पडत नाही. तंबाखू, गुटखा आणि उपाशीपोटी चहावर चहा, हे धडधड वाढवणारं आहे, बंद करा.

खरी गोम नंतर आहे. मी गंजगोलाईच्या बाजारात जायचं सोडलं, एसटीत दाराजवळची सीट मिळाली तरच चढायचो. जागा सोडून पळालं की अंगाला पटतं की पळालो म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी लवकर सुरू होतं. मला डॉक्टरनी जिना पळत चढायला लावला आणि वर जाऊन ती धडधड नुसती बघत बसायला सांगितलं, काही न करता. पहिल्यांदा शिव्या दिल्या मनात. पण जास्तीत जास्त फायदा त्यानेच झाला, गोळ्यांपेक्षाही.

डॉक्टर म्हणजे मानसोपचारवाले, हो. त्यावरनं दाजींशी खरं भांडण झालं. म्हणे लातूरात दाखवू नको, सोलापूरला जा, भाचीची सोयरीक चाललीय, कुणी बघितलं तर घराण्यात वेड आहे म्हणतील. मी लातूरातच गेलो. तिथं मोंढ्यातलेच ओळखीचे बसलेले, त्यांनी मला बघून मान खाली घातली, मीबी घातली. भाचीचं लग्न थाटात झालं. आणि दाजी स्वतः मेडिकलवरनं चिठ्ठी नसताना झोपेची गोळी आणून रोज रात्री घेतात, ती चालते! त्या गोळीची सवय लागते, आमच्या डॉक्टरनी मला सुरुवातीला थोडे दिवसच दिली होती. पॅनिकवरची दुसरी जी रोजची गोळी असते तिला गुण यायला काही आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात तर बेचैनी उलट वाढू शकते. तेव्हा "सूट होत नाही" म्हणून सोडू नका, डॉक्टरला फोन करा.

एक राहिलंच. एक ईसीजी नॉर्मल आला म्हणजे विषय मिटला असं नाही. थायरॉइड, हिमोग्लोबिन, शुगर एकदा बघून घ्या, त्यानेही धडधड होते. आणि छातीतलं दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल, कष्ट केल्यावर वाढत असेल, वय चाळिशीपुढं असेल किंवा बीपी-शुगर असेल तर फुंकर मारत बसू नका, १०८ ला फोन लावा. रात्री-अपरात्री नुसतं बोलायला कुणी हवं असेल तर सरकारचा टेली-मानस नंबर आहे १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. दाजींना समजावत बसू नका, मी अजून बसलोय.