आवाजाचा नमुना घुमतो, माइक बदलू का?

प्रश्न : व्हॉइसओव्हरची, म्हणजे जाहिराती-माहितीपटांना आवाज देण्याची, कामं मिळवण्यासाठी घरीच नमुना रेकॉर्ड केला. आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. महाग माइक घ्यावा का?

उत्तर : इतक्यात नको. दोष खोलीचा आहे. उघड्या भिंती आणि फरशीवरून आवाज परततो. चांगला कंडेन्सर माइक (बारीकसारीक आवाजही टिपणारा) तो घुमाराही अधिक स्पष्ट टिपेल. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर बसा, पाठीमागे जाड गोधडी टांगा, पंखा बंद ठेवा. माइक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, किंचित बाजूला वळवून ठेवा. नाहीतर ‘प’, ‘फ’, ‘भ’ला हवेचा फटका बसतो. रेकॉर्डिंगच्या मीटरवर सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. शून्याला लागून फाटलेला आवाज नंतर नीट दुरुस्त होत नाही.

नमुना साठ ते नव्वद सेकंदांचा पुरे : जाहिरात, माहितीपट, कथावाचन, प्रत्येकाचा तुकडा वेगळा. सर्वांत दमदार तुकडा आधी, कारण ऐकणारा पहिल्या काही सेकंदांतच ठरवतो. आणि उच्चार! ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ वेगळा आहे. लिहिताना दिसत नाही, माइकवर लगेच कळतो. संहितेत अशा शब्दांवर आधीच पेन्सिलीने खूण करा.