रंगाचं बिल आणि हातातून गेलेला कोरा चेक

प्रश्न : कोल्हापुरात राजारामपुरीत आमचा ८५० फुटांचा टू बीएचके फ्लॅट आहे. गणपतीच्या आधी आतून रंगवून घ्यायचा म्हणून ओळखीतल्या एका डेकोरेटरला काम दिलं. 'मटेरियल धरून २२ रुपये फूट. लांबी (पुट्टी), प्रायमर, दोन हात. सगळं मिळून सत्तरच्या आत बसवतो वहिनी,' असा त्याचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आहे. दुसरा कागद नाही. ४० हजार गूगल पेने दिले. मधे रंग आणायला पैसे कमी पडतात म्हणाला, तेव्हा सही करून एक कोरा चेक दिला. आता बिल आलंय : ४,४५० फुटांचे ९७,९००, बाथरूमलगतच्या भिंतीचं वॉटरप्रूफिंग ९,०००, हॉलमधलं टेक्स्चर ६,५००, वर १८ टक्के जीएसटी, एकूण १,३३,८१२. आगाऊ रक्कम वजा जाता ९३,८१२ मागतोय. टेक्स्चर मी सांगितलं होतं, वॉटरप्रूफिंग नाही. त्याच भिंतीला आता पोपडे आलेत. भाऊ म्हणतो, ८५० गुणिले २२ म्हणजे १८,७०० होतात, उलट पैसे परत माग. डेकोरेटर म्हणतो, 'फुटाचा दर भिंतीचा असतोय, फरशीचा न्हाई. पैसं द्या, न्हाईतर पोलिसात जातो.' त्याची शिडी आणि दोन घोडे (उभं राहून रंगवायचे स्टँड) अजून आमच्याकडेच आहेत. ते अडवून ठेवू का?

उत्तर : ताई, चेकचा विषय तुम्ही एका ओळीत उरकलाय. मी तिथूनच सुरुवात करतो. बिलाचा वाद चार महिने चालला तरी काही बिघडत नाही, चेक मात्र उद्या सकाळी बँकेत पडू शकतो.

कोऱ्या चेकवर रक्कम त्याने भरली तरी सही तुमची आहे. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या, म्हणजे चेकच्या कायद्याच्या, कलम १३९ नुसार असा चेक आपली देणी फेडण्यासाठीच दिला होता, असं न्यायालय गृहीत धरून चालतं. तसं नव्हतं हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. सही करून दिलेल्या कोऱ्या चेकलाही हे लागू होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे 'मी रक्कम लिहिलीच नव्हती' एवढ्यावर सुटका नाही.

आज बँकेत जा आणि त्या क्रमांकाच्या चेकचं पेमेंट थांबवायचा लेखी अर्ज द्या. कारण लिहा : चेक तारण म्हणून दिला होता, बिलाची रक्कम मान्य नाही. अर्जाच्या प्रतीवर बँकेचा शिक्का घ्या. पण एक सांभाळा. स्टॉप पेमेंट केलं की त्याच कायद्याचं कलम १३८, म्हणजे चेक न वटल्याचा गुन्हा, आपोआप टळतं असा समज आहे, तो बरोबर नाही. खात्यात पुरेसे पैसे होते आणि पेमेंट थांबवायला खरंच सबळ कारण होतं, हे दाखवता आलं तर बचाव उभा राहतो. म्हणून हा विषय मिटेपर्यंत त्या खात्यात लाखभर रुपये राहू द्या. चेक परत गेलाच, तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत त्याला तुम्हाला नोटीस पाठवावी लागते, आणि ती मिळाल्यापासून पैसे द्यायला तुम्हाला १५ दिवस असतात. अशी नोटीस आली तर घडी करून कपाटात ठेवू नका. तिला त्या १५ दिवसांत वकिलामार्फत उत्तर गेलंच पाहिजे.

आता बिलाकडे येऊ. भावाचं गणित सोडून द्या. रंगकामात फूट म्हणजे भिंतीचा आणि छताचा चौरस फूट, ही धंद्यातली रूढ रीत आहे. करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर न्यायालय शब्दाचा अर्थ त्या रीतीनेच लावतं. शिवाय १८,७०० रुपयांत मटेरियलसह टू बीएचके रंगतो, हे कोल्हापुरात कुणाला पटेल? तुम्ही स्वतःच ४० हजार आगाऊ दिलेत, तिथेच तो मुद्दा संपला. इतक्यात डेकोरेटरचं खरं आहे.

पण भिंत मोजायची म्हणजे किती मोजायची, तिथे त्याचं बिल डगमगतं. तुम्ही बेडरूमचं माप पाठवलंय : १२ बाय १०, उंची १०. चार भिंतींची लांबी ४४ फूट, गुणिले उंची, म्हणजे ४४०. त्यात छताचे १२० धरले की ५६०. याच्या वर ती खोली जाऊच शकत नाही. बिलात तिचे ६४० धरलेत. त्यात ६ बाय ७ चा वॉर्डरोब भिंतीत बसवलेला आहे आणि त्याच्यामागे ब्रश लागलेला नाही, म्हणजे आणखी ४२ फूट गेले. उरले ५१८. २१ फुटांचं दार आणि २० फुटांची खिडकी पूर्ण वजा केली तर ४७७.

दार-खिडकी किती वजा करायची यावर पेंटर आणि मालक कायम भांडतात. आयएस १२०० हे मोजमापाचं भारतीय मानक इथे उपयोगी पडतं. त्यात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची, म्हणजे साधारण साडेपाच चौरस फुटांपर्यंतची उघडी जागा वजा होत नाही. तिथपासून तीन चौरस मीटरपर्यंतची, म्हणजे आपली नेहमीची दारं-खिडक्या, भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखंच काम असेल तर एकाच बाजूला वजा होते, कारण चौकटीलगतच्या कडा पेंटर वेगळ्या मोजत नाही. हे मानक खासगी कामाला बंधनकारक नाही, पण मोजायला बोलावलेला इंजिनिअर बहुधा तेच हाताशी धरेल. कुठल्याही पद्धतीने मोजा, त्या बेडरूमचा आकडा ४७७ आणि ५१८ यांच्या दरम्यान बसतो. म्हणजे एका खोलीत निदान १२२ फूट, २२ च्या दराने २,६८४ रुपये, जास्त लावलेत.

टेप घ्या आणि सगळ्या खोल्या अशाच मोजा. वहीत खोलीवार लिहा आणि डेकोरेटरला मेसेज करून मोजमापाला बोलवा : अमुक दिवशी, अमुक वाजता, तुमच्या समोर मोजू. आला तर त्याची सही घ्या. नाही आला तर मेसेज हाच तुमचा पुरावा. रंगाचे रिकामे डबे गॅलरीत पडले असतील तर भंगारवाल्याला देऊ नका. एका लिटरमध्ये साधारण किती फूट होतात हे रंग कंपनीच्या माहितीपत्रकात असतं. डबे मोजले की ४,४५० फूट त्यातून निघतात का, हे कोणालाही पडताळता येतं.

माझ्या मते तुमची सगळ्यात भक्कम बाजू म्हणजे 'सत्तरच्या आत बसवतो' हे शब्द. 'अंदाजे सत्तर' असं लिहिलं असतं तर मी इतक्या खात्रीने बोललो नसतो. अंदाज चुकू शकतो. इथे मात्र त्याने घर पाहून, कामं मोजून वरची मर्यादा सांगितली आणि तुम्ही त्या भरवशावर होकार दिलात. करार तोंडी असो वा मेसेजवर, तो करारच. म्हणून मूळ कामाचे पैसे ७० हजारांच्या वर जात नाहीत, असंच मी मांडेन. मोजमाप ३,१८१ फुटांच्या खाली आलं तर २२ ने गुणून जे येईल ते द्यायचं, वर गेलं तर ७० हजारांवर थांबायचं.

हे मेसेज डिलीट होणार नाहीत याची काळजी घ्या. फोन बदलायचा विचार असेल तर थांबा. स्क्रीनशॉट असू द्या, पण मूळ चॅट त्याच फोनमध्ये राहू द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असा पुरावा न्यायालयात देताना सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. तो कागद तुमचा वकील करून घेईल.

टेक्स्चर तुम्ही सांगितलंत, म्हणजे त्याचे पैसे लागतात. दर आधी ठरला नसला तरी सांगून घेतलेल्या कामाचा वाजवी मोबदला द्यावा लागतो. करार कायद्याचं कलम ७० तेच सांगतं : फुकट करायचा हेतू नसताना कुणी तुमच्यासाठी काम केलं आणि तुम्ही त्याचा लाभ घेतलात, तर भरपाई देणं आलं. ६,५०० वर मी हुज्जत घालणार नाही. फक्त तीच भिंत फुटांच्या हिशोबातही धरली आहे का ते बघा. एका भिंतीचे पैसे दोनदा नकोत.

वॉटरप्रूफिंगचे ९,००० सध्या देऊ नका. न सांगता केलेलं काम, आणि ज्यासाठी केलं तेच साधलं नाही. पण इथे तुम्हाला एक अडचणीचा प्रश्न विचारतो. श्रावणातल्या पावसात काम सुरू असताना 'भिंत वाळू दे, थोडं थांबू' असं तो म्हणाला होता का? आणि तुम्ही 'नाही, गणपती यायच्या आत उरका' म्हणालात का? तसा मेसेज किंवा साक्षीदार त्याच्याकडे असेल तर पोपड्यांबद्दलचं तुमचं म्हणणं बरंच हलकं होतं. त्याने काही न बोलता ओल्या भिंतीवर लांबी ओढली असेल तर ती सेवेतली त्रुटीच. बाथरूमचा पाइप गळत असेल तर मूळ ओल मात्र पेंटरच्या गळ्यात मारता येणार नाही. वरच्या फ्लॅटचं पाणी असेल तर तो सोसायटीकडे न्यायचा वेगळा विषय. म्हणून ती भिंत लगेच खरवडून घेऊ नका. आधी तारखेसह फोटो काढा, एखाद्या सिव्हिल इंजिनिअरकडून ओल कुठून येते ते दोन ओळींत लिहून घ्या आणि दुसऱ्या पेंटरकडून दुरुस्तीचा लेखी अंदाज घ्या.

जीएसटीचं उत्तर सोपं आहे. बिलावर १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक आहे का? महाराष्ट्रातला असेल तर तो २७ ने सुरू होतो. नसेल तर २०,४१२ रुपये मागायचा त्याला अधिकारच नाही. नोंदणी नसलेल्या व्यक्तीने कराच्या नावाने पैसे घेऊ नयेत, असं केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम ३२ म्हणतं. क्रमांक असेल तर जीएसटी पोर्टलवर टाकून तपासा. कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांनी ठोक दराने कर भरायची सवलत) असलेल्यालाही गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही. आणि क्रमांक खरा निघाला तरी 'सगळं मिळून' या शब्दांत कर आला होता, हे तुम्हाला म्हणता येईल.

मग द्यायचे किती? कमाल ७० हजार, टेक्स्चरचे साडेसहा, त्यातून दिलेले ४० वजा : ३६,५००. यातून भिंतीच्या दुरुस्तीचा अंदाज बाजूला ठेवा. उरलेली रक्कम वाद मिटायची वाट न बघता बँकेतून पाठवा आणि त्याच दिवशी स्पीड पोस्टाने, पोहोच मागून पत्र द्या : ही माझ्या हिशोबाने देय रक्कम, मोजमाप सोबत जोडलंय, बाकीचं बिल अमान्य, अमुक क्रमांकाचा चेक तारणाचा होता तो परत करा. रोख देऊ नका. पैसे अडवून धरले की माणूस वरचढ ठरतो असं वाटतं, पण कोर्टाला मान्य रक्कम चुकती करणारा माणूस आवडतो. याचा चेकच्या बाबतीतही फायदा आहे. चेक दिल्यानंतर काही रक्कम चुकती झाली आणि ती वजा न करता चेक पूर्ण रकमेला वटवायला टाकला, तर कलम १३८ चा गुन्हा होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलंय. तुमच्या वकिलाला तो निकाल वापरता येईल.

पोलिसांची धमकी मनावर घेऊ नका. फसवणुकीचा गुन्हा, जुनं ४२० आणि आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, लागायला सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू लागतो. ४० हजार आगाऊ देणारी बाई फसवायला निघाली होती, हे ठाण्यातल्या हवालदारालाही पटणार नाही. बोलावलं तर कागद घेऊन जा आणि दिवाणी वाद आहे असं लेखी द्या. त्याला दिवाणी दावा करायचा असेल तर काम झाल्यापासून तीन वर्षं आहेत.

पत्राने मिटलं नाही तर मी आधी कसबा बावड्याच्या न्याय संकुलात, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व (दावा लावण्याआधी तडजोडीसाठीचा) अर्ज करायला सांगेन. महिलांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याचं बळ असतं. तिथेही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. त्याने काम मटेरियलसह अंगावर घेतलं होतं, म्हणून तुम्ही ग्राहक ठरता. रोजाने हजेरी देऊन, स्वतः रंग आणून, उभं राहून काम करून घेतलं असतं तर तो म्हणाला असता की मी नुसता मजूर. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला तिथे फी नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवर करता येते, मुदत दोन वर्षांची. कायद्यात निकालासाठी तीन महिने लिहिलेत. प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ धरून चाला. (शेजारी म्हणतील, आता कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय, तिकडेच जा. रंगाच्या बिलाला तिकडे जायचं कारण नाही.)

शिडी आणि घोडे अडवू नका. त्याच्या वस्तूंवर तुमचा हक्क पोचत नाही, उलट त्याला तुमच्याविरुद्ध एक खरी तक्रार मिळते. पत्रातच लिहा की सामान घेऊन जा. न्यायला माणूस आला की काय काय नेलं ते कागदावर लिहून त्याची सही घ्या आणि जाताना फोटो काढून ठेवा.