‘स्ट्रिपिंग’ आणि ‘पिकअप’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा की हलक्या अणुकेंद्रांच्या अभ्यासात ज्या ट्रान्सफर रिअ‍ॅक्शन्स वापरतात, म्हणजे ज्यात एका केंद्रकातला कण दुसऱ्यात जातो, त्यातल्या ‘स्ट्रिपिंग’ला (मारा करणाऱ्याकडचा कण लक्ष्याकडे जातो) अनावरण आणि ‘पिकअप’ला (उलट, लक्ष्याकडचा कण मारा करणाऱ्याकडे येतो) उचल म्हटलं तर चालेल का. मला विचाराल तर नको. उचल म्हटलं की पगाराआधी घेतलेले पैसे आठवतात, ते एकवेळ सोडून देऊ, पण अनावरणात अर्थच उलटा होतो. वाचणाऱ्याला वाटणार की ज्याच्यावर मारा केला ते केंद्रक उघडं पडलं, आणि खरं तर नागवला जातो तो मारा करणारा ड्यूटेरॉन! भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट सर्बरनी १९४७ साली हा शब्द वापरला तोही ड्यूटेरॉनच्याच बाबतीत.

ड्यूटेरॉन म्हणजे एक प्रोटॉन नि एक न्यूट्रॉन, बंध अगदी सैल, २.२२ एमईव्हीचा (एमईव्ही हे केंद्रकांच्या ऊर्जेचं एकक). तो कार्बन-१२ च्या कडेने जाताना न्यूट्रॉन तिथेच राहतो, प्रोटॉन एकटा पुढे जातो आणि कार्बन-१३ तयार होतो. याला मी ‘उतरवून घेणं’ म्हणेन, कारण अंगावरचे दागिने उतरवून घेतले म्हणतो त्यात लुबाडणंही आलं आणि वाटेत प्रवासी उतरवून घेतला म्हणतो त्यात नव्या जागी जाणंही आलं, आणि इथे दोन्ही घडतं.

तो न्यूट्रॉन कुठल्या कक्षेत जाऊन बसला हे प्रोटॉन कुठल्या कोनात जास्त निघतात त्यावरून कळतं, सगळी गंमत यातच आहे. न्यूट्रॉनने कोनीय संवेग (गोल फिरण्याचा जोर) आणलाच नसेल तर प्रोटॉन सगळ्यात जास्त सरळ पुढे दिसतात, एक एकक आणला असेल तर शिखर थोडं बाजूला सरकतं. कार्बन-१३ ची मूळ, म्हणजे सगळ्यात कमी ऊर्जेची, अवस्था दुसऱ्या प्रकारची, तिच्या ३.०९ एमईव्ही वरची पहिल्या. बेरिलियम-११ मध्ये मात्र क्रम उलटा, शून्य संवेगाची अवस्थाच सगळ्यात खाली, आणि तो शेवटचा न्यूट्रॉन जेमतेम ०.५ एमईव्हीने धरलेला, म्हणून लांबवर पसरलेला.

पिकअपला ‘खुडणं’. पान खुडतो तेव्हा झाड जागेवर राहतं, हात फक्त टोकाला लागतो, आणि ही रिअ‍ॅक्शनही मुख्यतः पृष्ठभागावरच होते. बेरिलियम-९ चा शेवटचा न्यूट्रॉन सुटायला १.६७ एमईव्हीच लागतात, जाणारा प्रोटॉन तो खुडून ड्यूटेरॉन होतो, तो बंध जुळताना त्याहून जास्त ऊर्जा सुटते, म्हणून वर सुमारे ०.५६ उरतात. मागे राहिलेलं बेरिलियम-८ लगेच फुटून दोन अल्फा कण (हेलियमची केंद्रकं) होतात, पण ते त्याच्या स्वभावाने, खुडणाऱ्याने ओरबाडलं म्हणून नाही. ‘ओरबाडणं’ म्हणूनच इथे नको.

दोन्हींना मिळून हस्तांतरण चालेल. ‘संक्रमण’ मात्र टाळा, तो शब्द एका ऊर्जापातळीवरून दुसरीवर जाण्यासाठी आधीच वापरात आहे.