तीन मॅच जिंकल्या की चौथीला गेम मुद्दाम हरवतो का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ऑनलाइन गेममध्ये लागोपाठ जिंकायला लागलं की नेमके भारी खेळाडू समोर येतात, आणि कितीही खेळलं तरी विजयाचं प्रमाण पन्नास टक्क्यांपाशीच घुटमळतं. मग हे सगळं फिक्स आहे का? निष्पक्ष मॅचमेकिंग, म्हणजे कुणासमोर कोण खेळणार याची जोड लावणं, असतं तरी का?

भारी खेळाडू देतात हे खरं आहे. पण तुम्ही दिलेला पुरावा उलट बाजूचा आहे. जोड बरोबर लागते आहे, म्हणूनच तुम्ही निम्म्या मॅच हरता.

जत्रेतल्या कुस्त्या पाहिल्या असतील तर हे पटकन लक्षात येईल. सुरुवातीला पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग इनाम वाढत जातं. जोड लावणारी जाणती माणसं दोघांना शेजारी उभं करतात, अंगलट बघतात, तालीम कुठली, याआधी कुणाला पाडलंय ते विचारतात. यंदा सहज जिंकलेल्याला पुढच्या वर्षी वरचढ गडी मिळतो. त्याला कुणी कट म्हणत नाही. ऑनलाइनमध्ये हेच काम एक आकडा, म्हणजे खेळाडूचं रेटिंग, करतो, आणि वर्षभराऐवजी दहा मिनिटांत करतो, म्हणून ते अंगावर येतं.

हा आकडा बुद्धिबळातून आला. आर्पाद एलो हे मूळचे हंगेरीचे, अमेरिकेत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये आणि जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, १९७० मध्ये स्वीकारली. समजा माझं रेटिंग १४५० आणि तुमचं १६५०. दोनशेचा फरक असेल तर, विजयाला एक गुण धरून, माझ्याकडून डावाला सरासरी ०.२४ गुणाची अपेक्षा, म्हणजे चार डावांत जेमतेम एक. एका डावात रेटिंगचे जास्तीत जास्त २० गुण फिरणार असतील, तर मी जिंकल्यावर मला साधारण १५ मिळतात, हरल्यावर फक्त ५ जातात. तुमचं नेमकं उलटं. म्हणजे दुबळ्याला धुतलं तर हातात चिल्लर, बलाढ्याला पाडलं तर घबाड.

आता हे चालू ठेवा. तुम्ही जिंकत राहिलात तर आकडा चढतो, समोरचे तगडे होत जातात, आणि एक दिवस तुम्ही अशा जागी पोचता जिथे निम्म्या मॅच जाणारच. तुमच्या पन्नास टक्क्यांचं कोडं एवढंच आहे. नव्वद टक्के जिंकणारा माणूस एक तर अजून चढतोय, नाही तर दुसरं खातं काढून नवशिक्यांत घुसलाय.

आणि लागोपाठच्या हारींचं म्हणाल, तर नाणं वीस वेळा उडवा. सलग चार छापे पडण्याची शक्यता जवळपास ४८ टक्के निघते. आपल्याला मात्र चौथ्या हारीला सर्व्हरमध्ये कुणीतरी बसलेलं दिसतं. मलाही दिसतं, रात्री दीडला हमखास.

खरी गडबड दुसरीकडे होते. नव्या खात्याबद्दल यंत्रणेला काहीच ठाऊक नसतं. मार्क ग्लिकमन यांनी १९९५ मध्ये आणलेल्या ग्लिको पद्धतीत आकड्यासोबत त्याची खात्री किती हेही धरलं जातं. लीचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर नव्या खेळाडूच्या रेटिंगपुढे प्रश्नचिन्ह दिसतं ते त्यामुळेच. मायक्रोसॉफ्टची एक्सबॉक्स या गेम खेळायच्या यंत्रासाठीची ट्रूस्किल पद्धत संघांचाही हिशोब करते. तिथे नवा माणूस २५ वर सुरू होतो, पण अनिश्चितता ८.३३ धरलेली, आणि क्रमवारीसाठी तिच्या तिप्पट वजा होते. म्हणजे सुरुवात शून्याने. जसजसं खेळाल तसतशी शंका कमी होते.

संघात खेळताना मात्र कुठलंही गणित लंगडतं. माझा भाचा एका मोबाइल बॅटल रॉयाल गेममध्ये, म्हणजे शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला अशा खेळात, नवा होता. तिसऱ्या दिवशी ओरडत आला, "मामा, बारा किल!" मी शेजारी बसून पुढची मॅच पाहिली. त्याचे शत्रू मोकळ्या मैदानात सरळ रेषेत धावत, दोन गोळ्या भलतीकडे मारत आणि तिथेच उभे राहत. सगळे बॉट, म्हणजे माणसं नव्हेत, संगणकाने चालवलेले खेळाडू. पोराला सांगितलं नाही. मग आम्ही दोघांनी मिळून स्क्वाड, म्हणजे संघ, केला, माझी रँक बरीच वरची. पहिल्या मॅचला तो पॅराशूटमधून उतरला आणि दारातच मारला गेला, दुसऱ्यालाही तेच. "मामा, तुझ्यामुळे होतंय हे." बरोबर होतं त्याचं. त्याच्यासाठी ती जोडच नव्हती.

शिवाय कौशल्य हा एकच निकष नसतो. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, बघायचा, वाट किती बघायला लावायची तेही बघायचं. संध्याकाळी हजारो जण ऑनलाइन असतात, पहाटे तीनला मूठभर. तेव्हा मर्यादा सैल होते, आणि समोर कुणीही येऊ शकतं.

म्हणून कंपन्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. २०१७ मध्ये ॲक्टिव्हिजन या गेम बनवणाऱ्या कंपनीला एक पेटंट मिळालं. त्यात खेळाडूला काही विकत घ्यावंसं वाटेल अशा बेताने जोड लावण्याची कल्पना होती. कंपनीने सांगितलं की ते कुठल्याही गेममध्ये वापरलेलं नाही. कल्पना सुचली होती, एवढं मात्र कागदावर आहे. याच कंपनीने २०२४ मध्ये कॉल ऑफ ड्यूटी या आपल्या गेममधल्या प्रयोगांची माहिती दिली: कौशल्याची अट सैल केल्यावर मॅच अर्धवट सोडणारे वाढले आणि परत येणारे घटले. आकडे त्यांचेच, तेव्हा जरा जपूनच घ्या. पण रोज एकतर्फी मार खाणारा टिकत नाही, हे मला पटतं. 'स्किल बेस्ड काढा', म्हणजे कौशल्य बघून जोड लावणं बंद करा, असा आरडाओरडा बहुधा वरच्या खेळाडूंचा असतो, सोपी शिकार हवी असलेल्यांचा.

तुम्हाला तपासायचंच असेल तर दिसणाऱ्या रँकवर जाऊ नका. गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड हे बिल्ले असतात, पुष्कळ गेम्समध्ये जोड लावणारा आकडा वेगळा आणि लपवलेला असतो. जिथे रेटिंग आणि त्याचं सूत्र उघड आहे, तिथे पन्नासेक डाव वहीत टिपून ठेवा: समोरच्याचं रेटिंग, निकाल, वेळ. माझ्या वहीत रात्री अकरानंतरच्या रकान्यात हारी जास्त होत्या. विरोधकांची रेटिंगं तीच होती.