जुना रेल्वेपूल काढून नवा बसवताना गाड्या चालू कशा राहतात?

खानापूरजवळ मलप्रभेवर किंवा कुडचीजवळ कृष्णेवर असलेल्यासारखा रेल्वेपूल बदलायचा झाला, तर मिरज-लोंढा मार्ग महिनोन् महिने बंद का ठेवावा लागत नाही, असे आपण विचारले आहे. रेल्वेच्या बांधकाम विभागात नोकरी केल्यामुळे ही कामे मी जवळून पाहिली आहेत.

पूल लांबून एकसंध दिसला, तरी खांब आणि त्यांवरचे गर्डर, म्हणजे रूळ पेलणाऱ्या आडव्या तुळया, हे वेगवेगळे भाग असतात. साध्या पुलात गर्डर खांबावर बेअरिंगच्या, म्हणजे मधल्या टेकूच्या, आधाराने टेकलेला असतो. त्यामुळे खांब सुस्थितीत असतील तर फक्त गर्डर बदलून भागते. त्यासाठी जुन्या पुलाला लागून तात्पुरते स्टेजिंग, म्हणजे मजबूत मचाण, उभारतात आणि नवा गर्डर त्यावर आधीच पूर्ण जुळवून ठेवतात. या काळात गाड्या शेजारच्या जुन्या पुलावरून कॉशनवर, म्हणजे ठरवून दिलेल्या कमी वेगाने, जात राहतात. मग काही तासांचा ब्लॉक घेऊन, म्हणजे तेवढा वेळ गाड्या थांबवून, रूळ सोडवले जातात, जुना गर्डर जॅकने उचलून एका बाजूला सरकवला जातो, दुसऱ्या बाजूने नवा आत घेतला जातो आणि रूळ पुन्हा जोडले जातात. पहिली गाडी अगदी सावकाश सोडतात आणि वेग टप्प्याटप्प्याने वाढवतात. मार्ग विद्युतीकरण झालेला असेल, तर वरच्या तारांचा पुरवठाही तेवढा वेळ बंद ठेवावा लागतो.

बघ्यांची गर्दी क्रेन पाहायला जमते. माझ्या मते मात्र ब्लॉक वेळेत संपणार की नाही, हे त्याआधीच्या कंटाळवाण्या कामावर ठरते. नव्या गर्डरची उंची जुन्यापेक्षा वेगळी असेल, तर खांबाच्या माथ्याची पातळी त्या हिशोबाने आधीच साधून ठेवावी लागते, नाहीतर रूळ वर-खाली होतात. वर्षानुवर्षे गंजलेले बोल्ट सुटतात की कापावे लागतात, हे आधीच्या लहान ब्लॉकमध्येच पाहून घेतलेले बरे, कारण मुख्य ब्लॉकमध्ये अडलेला एक बोल्टही सगळे वेळापत्रक कोलमडवतो.

खरी अडचण पाया आणि खांब बदलण्याची आहे. लहान मोरी, म्हणजे ओढ्या-नाल्यावरचा छोटा पूल, असेल, तर रुळांखाली तात्पुरते गर्डर घालून गाडीचा भार त्यांवर घेता येतो आणि खाली खोदकाम करता येते. मोठ्या नदीवर हे परवडत नाही. तिथे जुन्या पायाला धक्का लागणार नाही इतके अंतर ठेवून शेजारी नवा पूल बांधणेच शहाणपणाचे. दुहेरीकरणामुळे, म्हणजे शेजारी दुसरा मार्ग टाकल्यामुळे, हे आपोआप साधते, कारण नव्या पुलावरून गाड्या वळवल्या की जुन्याची डागडुजी निवांत करता येते. आपल्या भागात पावसाळ्यात नद्या फुगतात, म्हणून पात्रातले पायाचे काम त्याआधी पाण्याच्या पातळीच्या वर आणावे लागते. 2019 च्या ऑगस्टमधला महापूर ज्यांनी पाहिला, त्यांना याचे कारण सांगायला नको.

ही विद्या जुनीच आहे. कॅनडात माँट्रियल येथे 1859 मध्ये सुरू झालेल्या व्हिक्टोरिया पुलाची लोखंडी नळी (गाड्या तिच्या आतून जात) 1897-98 मध्ये बदलली, तेव्हा त्या नळीचाच आधार घेऊन तिच्याभोवती नवा पोलादी सांगाडा उभारला होता आणि मग आतली नळी काढली होती. तरीही गाड्या चालू ठेवणे प्रत्येक वेळी जमतेच असे नाही. तमिळनाडूत पांबनला समुद्रावर नवा पूल शेजारीच बांधला जात होता, पण 1914 च्या जुन्या पुलाची अवस्था पाहता त्यावरची वाहतूक डिसेंबर 2022 मध्ये थांबवावी लागली आणि नवा पूल 6 एप्रिल 2025 रोजी सुरू होईपर्यंत रामेश्वरला थेट रेल्वे पोहोचत नव्हती.